बाबांच्या वर्षश्राद्धाला आई हसली

"मॅडम, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आई पोट धरून हसली. भटजींसमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर. तिच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?"

डोंबिवलीला नोकरी करणारी एक मुलगी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. माहेर देवगड तालुक्यातलं, खाडीकाठच्या एका वाडीतलं. (दोघींच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता पोटातलं बाकीचंही बाहेर आलं. आई दिवसभर कुत्र्याशी बोलते. त्याला माजघरात झोपवते. बाबांची जागा कुत्र्याने घेतली की काय? आणि उद्या ते कुत्रं गेलं तर आई त्यातून उठेल का?

असे प्रश्न माझ्याकडे फार येतात. मुलं मुंबई-पुण्याला, गावच्या घरात आई किंवा वडील एकटे, आणि एक दिवस फोनवर कळतं की घरात एक पिल्लू आलंय. मुलांना आधी काळजी वाटते, मग थोडा राग येतो, आणि रागाची लाजही वाटते.

काकींची, म्हणजे या मुलीच्या आईची, गोष्ट अशी. यजमान चैत्रात अचानक गेले. त्यानंतर काकींनी चूल जवळपास सोडलीच. सकाळी पेज, रात्री तीच उरलेली पेज. बाजार नाही, देऊळ नाही. मुलीचा रोजचा फोन "जेवले, औषध घेतलं, ठेव आता" एवढ्यावर संपायचा. आषाढात काजूच्या कलमांखाली गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) सांदीत एक पिल्लू ओरडताना सापडलं. मागचा पाय मोडलेला, जखमेत किडे पडलेले. उचलताना ते काकींच्या अंगठ्याला चावलं.

पुढे जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. तीन महिने उंबरठा न ओलांडलेली ही बाई पिल्लाला फडक्यात गुंडाळून, रिक्षा करून गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी पिल्लाचा पाय बांधला आणि काकींना दटावलं, की आधी हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि असेच सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस एका दिवसात आटपत नाही. पहिली सुई त्याच दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. म्हणजे काकींना पुन्हा पुन्हा एसटी धरणं आलं. स्टँडवर ओळखीच्या बायका भेटल्या, बोलणं झालं. घरी पिल्लाला औषध चारायचं तर भात हवा, आणि भात झालाच आहे तर सोबत जरा आमटी. काकी मला म्हणाल्या, "तेका खाऊक घालूचा लागता, मगे माका पण उठूचा लागता."

या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते समजावून द्यायला मला अर्धा तास लागला असता. दुःखात माणसाच्या दिवसाची चौकट मोडते. ती आतून उभी राहत नाही, बाहेरून कुणीतरी भुकेलं होऊन हाक मारावी लागते.

पिल्लू बरं झालं, पण एक पाय जरा आखडलेलाच राहिला. तसाच लंगडत रोज सकाळी ते कुंपणाच्या कडेकडेने फिरायचं, प्रत्येक हद्दीच्या दगडाशी थांबायचं, वास घ्यायचं, पाय वर करायचं आणि पुढे जायचं. काकींनी त्याचं नाव ठेवलं तलाठी. यजमानांची सारी हयात हद्दीच्या दाव्यात आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांत गेली होती. काकी मागीलदारी उभ्या राहून हाक मारायच्या, "अरे तलाठ्या, मेल्या, खंय चल्लस?" आणि अख्खी वाडी हसायची. ज्यांच्याशी दावा होता, ते चुलत दीरसुद्धा.

मग वर्षश्राद्धाचा दिवस आला. पान वाढून बाहेर ठेवलेलं, कावळे माडावर, खाली यायला तयार नाहीत. मंडळी ताटकळलेली. कुणी म्हणतंय काही इच्छा राहिली असेल, मुलगी हात जोडून "आईची काळजी घेईन" असं मनात म्हणतेय. तेवढ्यात तलाठी गडग्यावरून उडी मारून आला आणि वड्यापासून खिरीपर्यंत पान साफ केलं. सगळे सुन्न. काकी पानाकडे बघून म्हणाल्या, "जल्मभर तलाठ्याची वाट बगलात, आता बगा, तुमच्याच पानार येवन बसलो!" आणि हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी. भटजीही हसले आणि म्हणाले, श्राद्धात श्वानबली असतोच, कुत्र्याचा वाटा काढतोच आपण, त्याने तो स्वतः घेतला इतकंच.

मुलगी मात्र त्या दिवशी हसली नाही.

मी तिला विचारलं, आई कुणाशी बोलत होती? "कुत्र्याशी", ती पटकन म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा आठवा. "बगलात", "तुमच्याच पानार". असं कुणी कुत्र्याला म्हणतं का? ती गप्प झाली. वर्षभरात पहिल्यांदा आई चारचौघांत नवऱ्याशी बोलली होती, त्याची थट्टा करत होती, बहुधा तो असताना करायची तशीच.

या हसण्याला वेड म्हणू नये. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या माणसांना गेलेल्या माणसाविषयी बोलतं केलं आणि त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. १९९७ साली त्यांनी लिहिलं, की जे बोलता बोलता मनापासून, डोळ्यांपर्यंत पोहोचेल असं हसले, त्यांना क्लेश कमी होता आणि माणसांशी नातीही बरी होती. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलं, की शोक एका रेषेत संपत नाही. माणूस दुःखाकडे जातो, रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा जातो. भरती-ओहोटी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही, पण घरातल्या माणसाची ओहोटी आपल्याला पटकन बेइमानी वाटते.

काळजी कधी करावी, हेही सांगितलं. वर्ष उलटूनही रोजचं जगणं बंद असेल, जेवणखाण सुटलं असेल, माणसं टाळली जात असतील, जगणं नकोसं झाल्याची भाषा कधीही येत असेल, किंवा झेपणार नाही इतकी जनावरं घरात गोळा होत असतील, तर थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. काकींच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. उलट मुलीचा रात्रीचा फोन आता लांबत चालला होता, तलाठ्याने आज काय प्रताप केला हे सांगण्यात.

माझं एक ठाम मत आहे, की एकट्या माणसाला औषधासारखं कुत्रं आणून देऊ नये. काकींनी ते स्वतः उचललं, चावा सोसून उचललं, म्हणून ते त्यांचं झालं. मुलांनी सरप्राइज म्हणून आणलेलं पिल्लू महिन्यात परत गेलेलं मी पाहिलंय, आणि त्यात दोन्ही जीव पोळतात.

"ते मेलं तर?" या प्रश्नावर मी तिला धीर दिला नाही. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, ते जाणार, आणि आई रडणार. पण ज्या बाईने एक मरण पचवून दुसऱ्या जीवाचा पाय बांधला, तिला रडणं झेपतं. ही भीती तुमची आहे, मी म्हटलं. तुम्ही बाबांसाठी अजून नीट रडलाही नाहीत, हसलाही नाहीत. यावर ती पुष्कळ वेळ रडली. पुढच्या भेटी खरं तर तिच्यासाठीच झाल्या.

माजघरात झोपवण्याचं उत्तर मात्र सोपं होतं. आमच्याकडे रात्री खळ्यात कुत्रं बांधणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. काकी करतात तेच बरोबर. तलाठ्याची रेबीजची लस दर वर्षी, पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची), जंताचं औषध, गोचिडांवर लक्ष, ही जबाबदारी मुलीने घेतली. काकी आजारी पडल्या तर तलाठ्याला कोण बघणार, हेही ठरलं. दाव्यातल्या चुलत दिरांचा नातू स्वतःहून तयार झाला.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, की आईला कुत्र्यासकट डोंबिवलीला आणलं तर सोसायटी अडवेल का? मी सांगितलं, पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखवा. तिने तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि हयची हद्द कोण मोजतलो?"

या वेळी लेक आधी हसली.