विहिरीत स्पेंटवॉश उतरले असेल तर जिप्सम, ॲसिड आणि जादा खत थांबवा

प्रश्न: शेजारच्या पडीक रानात डिस्टिलरीचे टँकर रात्री मोकळे होतात. आमच्या विहिरीचे पाणी तांबूस झाले आहे, कुजका वास येतो, उसाची पाने कडेने करपतात. दुकानदार म्हणतो, एकरी 10 पोती जिप्सम टाका, ड्रिपमधून सल्फ्युरिक ॲसिड सोडा, खत दुप्पट करा. काय करावे?

उत्तर: यातले काहीही करू नका. आधी पाणी तपासा.

कच्च्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मळीपासून अल्कोहोल गाळल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या पुढे असतो. सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा आहे 100 ची. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात ते थेट खाली उतरते आणि खडकाच्या फटींतून विहीर गाठते. वाटेत ते जमिनीतला प्राणवायू संपवते, मग लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतात. तांबूस रंग नुसता मळीचा नसतो, तो याचाही असतो. फावड्याने फूटभर खणून बघा: ढेकूळ काळेशार, चिकट, आंबूस वासाचे; वाळले की वर पांढरा थर.

आता दुकानदाराचे. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे, म्हणजे विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल आणि निचरा असेल तरच. तुमच्या रानात क्षार आधीच मावत नाहीत, त्यात आणखी कशाला? ॲसिड आपल्या चुनखडीच्या जमिनीत चुन्याशी भिडून पुन्हा क्षारच वाढवते. पान करपले म्हणून खत दुप्पट, हा तर सर्वांत घातक सल्ला. मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पान करपते, उपाशी म्हणून नाही. स्पेंटवॉशमध्ये पालाश, म्हणजेच पोटॅश, भरपूर असते, म्हणून पोटॅश पूर्ण बंद ठेवा. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकूनही क्षार जात नाहीत. पुन्हा सांगतो, तपासणी अहवाल हातात येईपर्यंत दुकानातून एक पोतेही आणू नका. आणि 'पोटॅशचे पाणी आहे, फुकट घ्या' म्हणणाऱ्या टँकरवाल्याला बांधावरूनच परत पाठवा.

नमुना नीट घ्या. पंप 15 मिनिटे चालवा, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, 24 तासांत प्रयोगशाळेत द्या. क्षारता 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर ते पाणी उसाला देऊ नका. अहवाल येईपर्यंत माणसांनी ते पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये.

माझा भर चर आणि धैंचावर आहे. पावसाळ्याआधी उताराच्या बाजूने तीन-साडेतीन फूट खोल चर काढा. क्षार धुऊन जायला वाट हवी, ती नसेल तर बाकी सारे वाया. पहिल्या चांगल्या पावसावर एकरी 20 किलो धैंचा पेरा आणि फुलावर येण्याआधी, साधारण 45 दिवसांनी, गाडा. क्षार सोसणारे इतके स्वस्त हिरवळीचे खत दुसरे नाही. गाडायला उशीर केला तर खोड जून होते, लवकर कुजत नाही. सलग दोन-तीन पावसाळे करा. एका हंगामात रान सुधारून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भरपाईसाठी तलाठ्याकडून पंचनामा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार आणि पोच. राष्ट्रीय हरित लवादात भरपाईचा अर्ज 5 वर्षांच्या आत.

एक नमुना मेमध्ये, दुसरा ऑक्टोबरमध्ये घ्या. फक्त पावसाळ्यात घेतलेला नमुना पातळ पाण्याचा असतो. त्यावर तुमची तक्रार टिकणार नाही.