वीस मिनिटांचा स्कॅन, दहा मिनिटांचा स्कॅन आणि बदललेला आकडा

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या मेंदूतील ग्लायोमा या प्रकारच्या गाठीवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले आहे. मार्चमधील एफईटी पेट स्कॅनच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या जागेचे कमाल गुणोत्तर २.१ होते, ऑगस्टमध्ये दुसऱ्या केंद्रात ते २.४ आले. पहिल्या वेळी त्याला वीस मिनिटे मशीनमध्ये ठेवले होते, दुसऱ्या वेळी दहाच. गाठ पुन्हा वाढली असे समजायचे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ या दोन आकड्यांवरून तसे समजू नका, मात्र गाठ वाढलेली नाही, असाही अर्थ त्यातून काढू नका. गाठ परत आली की हा रेडिएशनचाच परिणाम आहे, हे ठरवताना २.३ च्या आसपासचा आकडा विचारात घेतला जातो, त्यामुळे आपली अस्वस्थता मी समजू शकतो.

रिमझिम पावसात अंगणात शंभर सारख्या वाट्या मांडल्या आणि मिनिटभरात उचलल्या, तर एकीत चार थेंब सापडतील, दुसरीत नऊ. अर्ध्या तासाने उचलल्या तर सगळ्यांत पाणी जवळपास सारखेच असेल. पेट स्कॅनमध्ये एफईटी हे किंचित किरणोत्सारी द्रव्य इंजेक्शनने देतात, ते गाठीत अधिक साचते आणि कॅमेरा त्यातून येणारे किरण असेच थेंबाथेंबाने मोजतो; अशी प्रत्येक मोजणी म्हणजे एक नोंद. एखाद्या भागातून दहा हजार नोंदी मिळाल्या तर त्यांतला स्वाभाविक चढउतार सुमारे शंभराचा, म्हणजे एक टक्का असतो. अडीच हजारच मिळाल्या तर तो पन्नासाचा, म्हणजे दोन टक्के होतो. चित्र पुढे गणिताने घडवले जात असल्याने प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ राहत नाही, पण वेळ कमी केला की चित्रातला खरखरीतपणा वाढतो, हे खरेच.

आता ‘कमाल’ या शब्दाकडे पाहा. कमाल गुणोत्तर म्हणजे गाठीतल्या सर्वांत तेजस्वी बिंदूला निरोगी मेंदूच्या सरासरीने भागून आलेला आकडा. मिनिटभराच्या पावसात शंभरांतली सर्वांत भरलेली वाटी निवडली, तर ती पावसाचे प्रमाण नेहमी वाढवूनच सांगेल. म्हणून छोट्या स्कॅनमध्ये कमाल आकडा वर सरकण्याची प्रवृत्ती असते, तर गाठीच्या भागाची सरासरी तुलनेने स्थिर राहते. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे असतील तर आधी सरासरी पाहावी, असे माझे मत आहे.

त्याहूनही महत्त्वाची, आणि बहुधा कोणी न विचारलेली गोष्ट अशी, की ती दहा मिनिटे इंजेक्शननंतरची नेमकी कोणती होती? एफईटीचे स्थिर चित्र साधारणपणे इंजेक्शननंतरच्या २० ते ४० मिनिटांत घेतात. आक्रमक ग्लायोमात हे द्रव्य लवकर शिगेला पोहोचून उतरू लागते, तर कमी श्रेणीच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या गाठीत बहुतेकदा हळूहळू चढत राहते. त्यामुळे आक्रमक गाठीचे चित्र २० ते ३० मिनिटांत घेतले तर तीच गाठ ३० ते ४० मिनिटांतल्यापेक्षा अधिक तेजस्वी दिसू शकते. याच चढउताराचा अभ्यास करायचा असेल तर इंजेक्शनच्या क्षणापासून सुमारे ४० मिनिटे सलग नोंद घेतात.

दहा मिनिटांचा स्कॅन म्हणजे हलगर्जीपणा, असे मात्र मानू नये. नवे कॅमेरे कमी वेळात अधिक नोंदी टिपतात. शिवाय ज्या रुग्णाला फार वेळ स्थिर पडून राहणे जमत नाही, त्याचे डोके हलून गाठीची कडा पुसट होण्यापेक्षा छोटा स्कॅन बरा.

दोन्ही केंद्रांच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांना लेखी विचारा : इंजेक्शन किती वाजता दिले, नोंद कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत घेतली, डोस किती होता, चित्रबांधणी कोणत्या पद्धतीने केली आणि मूळ नोंदी जपून ठेवल्या आहेत का? त्या क्षणाक्षणाच्या स्वरूपात जपलेल्या असतील, तर मार्चच्या स्कॅनमधूनही तीच दहा मिनिटे वेगळी काढून नव्याने चित्र बांधता येते आणि मग तुलना बरीच न्याय्य होते, जरी दोन कॅमेऱ्यांमधला फरक उरतोच. हे सारे एमआरआयसह भावाच्या न्यूरो-ऑन्कॉलॉजिस्टसमोर ठेवा, आणि पुढचा स्कॅन शक्यतो एकाच केंद्रात, त्याच मिनिटांत करून घ्या.