करमुक्ती 'परस्पर' की 'परस्परतेने'?

परदेशी वकिलातींच्या मोटारींवरील करांविषयीच्या एका मजकुरात 'दोन्ही देशांनी ही वाहने परस्पर करमुक्त करावीत' असे वाक्य आले आहे आणि ते योग्य आहे का, अशी विचारणा झाली आहे.

माझ्या मते ते योग्य नाही. 'परस्पर संबंध', 'परस्पर विश्वास' असा हा शब्द नामाला जोडून आला की 'एकमेकांचा' हाच अर्थ निघतो. पण तो क्रियापदाकडे सरकला की 'भावाने जमीन परस्पर विकली' यातला, कोणाला न विचारता हा अर्थ पुढे येतो. 'वकिलातीची गाडी बंदरातून परस्पर सोडली' असे लिहिल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्याला डावलून ती बाहेर काढली, असेच कोणीही समजेल.

'जशास तसे' हाही पर्याय सुचतो, पण त्यात प्रत्युत्तराचा सूर आहे. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधील भारतीय उपमहावाणिज्यदूतांना अटक झाल्यावर भारताने अमेरिकी अधिकाऱ्यांचे विमानतळ पास काढून घेतले, तिथे तो चपखल बसतो. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचे 47 वे कलम मात्र दोन्ही बाजूंचा विचार करते : समोरच्या देशाने आपल्या वकिलातीबाबत तरतुदींचा संकुचित अर्थ लावला तर आपणही तसा लावू शकतो, आणि उभयतांनी ठरवून जास्तीच्या सवलतीही देता येतात. हा दुसरा भाग 'जशास तसे'मध्ये मावत नाही. म्हणून 'परस्परता' हे भाववाचक नाम मला सर्वांत निर्धोक वाटते. 'अन्योन्यता'ही अचूक आहे, फक्त जरा जड आहे.

तरीही मूळ वाक्यात नुसता शब्द बदलून भागणार नाही. वकिलातीच्या कामासाठी आणि राजनैतिक अधिकाऱ्याच्या वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या वस्तूंना सीमाशुल्कातून सूट देणे हे 36 व्या कलमाने यजमान देशावर घातलेले बंधन आहे, त्यामुळे संपूर्ण करमुक्तीच परस्परतेवर अवलंबून आहे असे सुचवणे चुकीचे ठरेल. गाड्या किती आणता येतील, त्या किती वर्षांनी विकता येतील, इंधनावरील कर माफ होईल का, अशा तपशिलांत परस्परतेला खरा वाव असतो. मी ते वाक्य असे लिहीन : 'वाहनांची संख्या, विक्री आणि इंधनकर यांबाबतच्या सवलती दोन्ही देशांनी परस्परतेच्या तत्त्वावर द्याव्यात.'

मजकूर मुंबईतल्या 'सीसी' पाटीच्या गाड्यांविषयी असेल, तर त्यात वाहनांना कुठे 'राजनैतिक' म्हटले असल्यास ते विशेषणही बदलावे लागेल. त्या वाणिज्यदूतावासांच्या असतात आणि त्यांना वाणिज्यदूतविषयक संबंधांचा 1963 चा स्वतंत्र व्हिएन्ना करार लागू होतो.