पैसा असूनही सक्ती कशाला?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लोकांना सक्तीने कामाला लावलं. जास्त पगार देऊन माणसं मिळाली नसती का?

उत्तर : पगार वाढवून माणूस एका कारखान्यातून दुसऱ्यात ओढता येतो, नवा माणूस तयार होत नाही. फौजेला तरुण हवे, विमानांच्या कारखान्यांना कारागीर हवे, आणि दोघांनाही हवी तीच माणसं. भाव वाढवत राहिलात तर महागाई तेवढी भडकते. म्हणून १९४१मध्ये प्राप्तिकराचा मूळ दर पौंडाला दहा शिलिंग, म्हणजे पन्नास टक्के केला गेला. लोकांच्या हातात पैसा कमी, तर दुकानात ओढाताणही कमी.

मला यात सगळ्यात रस आहे तो कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्यात. हा मूळचा कामगार पुढारी. त्यांच्याच खात्याने मार्च १९४१मध्ये महत्त्वाच्या उद्योगांतल्या कामगाराला परवानगीशिवाय नोकरी सोडायला बंदी केली. पण मालकालाही त्याला मनमानी काढता येईना! ही दुसरी बाजू नसती, तर कामगारांनी ते मुकाट्याने ऐकलं असतं असं मला वाटत नाही. डिसेंबरमध्ये वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांनाही सक्ती लागू झाली.

तरी कोळसा कमी पडलाच, कारण खाणकामगारच आधी फौजेत गेले होते. मग डिसेंबर १९४३पासून चिठ्ठ्या. भरतीच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा चिठ्ठीतल्या आकड्याशी जुळला की पोरगा सैन्याऐवजी थेट खाणीत. त्यांना 'बेव्हिन बॉईज' म्हणत. गणवेश नाही, आणि धडधाकट तरुण साध्या कपड्यांत दिसला म्हणून लोकांचे टोमणे मात्र भरपूर.