बावीस पालकांचे पैसे तुमच्या खात्यात कशाला?

प्रश्न : मी नाशिकला खासगी कंपनीत नोकरीला आहे. वय ४८, हातात येणारा पगार ८५ हजार, गृहकर्जाचा हप्ता २४ हजार. साडेचार लाखांची एफडी आहे. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी इक्विटी फंडात ६ लाख जमलेत. मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातली २२ मुलं आणि दोन शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत १६ दिवसांच्या अभ्यास सहलीसाठी इटलीला जाणार आहेत. रोम, सिएना, फ्लॉरेन्स, विचेंझा, व्हेनिस आणि मिलान. माणशी २ लाख ६० हजार. कॉलेजचा पाठिंबा आहे, पण पैशांचा व्यवहार कॉलेज करत नाही, म्हणून पालक प्रतिनिधी या नात्याने सगळ्यांचे पैसे माझ्या बचत खात्यात जमा होतात. विमान आणि व्हिसा मुंबईचा एक एजंट बघतोय, तिथलं राहणं-फिरणं मी बँकेतून थेट परदेशी पैसे पाठवून बुक करणार आहे. लाखाचा पहिला हप्ता सगळ्यांकडून आला. पुढची रक्कम भरायला तीन महिने आहेत, म्हणून त्यातले ५ लाख बँकेतल्या मॅडमनी सुचवलेल्या योजनेत ठेवले. त्या १२ टक्के म्हणाल्या, त्यातून मुलीचा हातखर्च निघेल. पॉलिसीची पीडीएफ येऊन १८ दिवस झाले, सोबत जोडली आहे. माझा प्रश्न असा की, मुलीचे उरलेले १ लाख ६० हजार आणि हातखर्चाचे ६० हजार यासाठी त्याच मॅडम १३ टक्क्यांनी ३ लाखांचं पर्सनल लोन देताहेत. ते घ्यावं की फंड मोडावा?

उत्तर : कर्ज की फंड, हा प्रश्न आठवडाभर थांबू शकतो. पॉलिसी थांबू शकत नाही. म्हणून या उत्तरातला पॉलिसीबद्दलचा भाग तुम्हाला मी आधीच इमेलने पाठवला आहे. इथे तो पुन्हा देतो, कारण खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की बँकेतून असा फोन येणारे तुम्ही एकटे नाही.

तुम्ही जोडलेल्या पीडीएफचं पहिलं पान पुन्हा उघडा. योजनेचा प्रकार : युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र. वार्षिक हप्ता : ५ लाख. हप्ते भरण्याची मुदत : ७ वर्षं. लॉक-इन : ५ वर्षं. म्हणजे तुम्ही तीन महिन्यांसाठी पैसे ‘ठेवले’ नाहीत, सात वर्षांत ३५ लाख भरायचा विमा घेतलात. पुढच्या वर्षी हप्ता भरला नाही तर शुल्क कापून उरलेली रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते. तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय पैसा हाती येत नाही. ‘टॅक्स फ्री’ असंही तुम्हाला सांगितलं गेलंय. फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर गेला की त्यावरची करमाफी जाते. तुमचा हप्ता त्याच्या दुप्पट आहे. आणि १२ टक्के खरोखर मिळाले असते तरी ५ लाखांवर तीन महिन्यांचे होतात १५ हजार. इटलीत चार-पाच दिवसांचं जेवणखाण. त्यासाठी पाच लाख पणाला लावले, आणि ते पाच लाख तुमचे नाहीतच. खात्यातल्या २२ लाखांत तुमचा फक्त एक लाख आहे.

सुटका आहे. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक काळ असतो, त्यात ती परत करता येते. तुमचे १८ दिवस गेले, १२ उरलेत. आजच विमा कंपनीला, बँकेला नव्हे, पत्र लिहा : पॉलिसी क्रमांक, पीडीएफ मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूक काळात पॉलिसी रद्द करत आहे’ हे एक वाक्य, आणि कारण म्हणून ‘अल्पमुदतीची ठेव असल्याचं सांगून विक्री झाली’. सोबत रद्द केलेला चेक. इमेल पाठवाच, शिवाय कंपनीच्या नाशिकच्या शाखेत प्रत्यक्ष प्रत देऊन तारखेचा शिक्का घ्या. थोडा जोखीम हप्ता आणि मुद्रांक शुल्क कापलं जाईल, युनिटच्या भावातला फरक पडेल, बाकी पैसे परत येतील. मॅडमना फोन करू नका. त्या ‘सर, मी बघते’ म्हणतील आणि बारा दिवस निघून जातील. कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर तुम्ही सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणालात, कारण तसं म्हणायला त्यांनीच सांगितलं होतं, हे तुम्ही मला पाठवलेल्या पत्रात लिहिलंय. तेही अर्जात लिहा. दाद मिळाली नाही तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल, मग विमा लोकपाल. पण मुदतीत अर्ज दिलात तर तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

आता त्याहून मोठी गोष्ट. विचारलेली नाही, तरी मला तीच सगळ्यात जास्त खटकते. हे पैसे तुमच्या खात्यात का आहेत?

२२ गुणिले २ लाख ६० हजार म्हणजे ५७ लाखांच्या वर. हे सगळं तुमच्या पॅनवर, तुमच्या सहीने, कुठल्याही कराराशिवाय फिरणार. तुम्ही चांगल्या भावनेने पुढे झालात याबद्दल शंका नाही. पण बँक, आयकर खातं आणि उद्या भांडण झालंच तर बाकीचे पालक, यातलं कोणीही भावना बघत नाही.

परदेशी पैसे पाठवताना बँक ए-२ नावाचा फॉर्म भरून घेते. त्यात ‘या रकमेचा स्रोत माझा स्वतःचा आहे’ अशी घोषणा असते. बाकी एकवीस घरांचे पैसे पाठवताना तुम्ही त्याखाली सही कशी करणार? ती खोटी ठरते. शिवाय एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर प्रवासखर्च म्हणून पाठवला की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर, घेते. तिथला खर्च तुम्ही माणशी १,४०० युरो काढलाय, म्हणजे ३०,८०० युरो, साधारण ३३ लाख. त्यातल्या २३ लाखांवर टीसीएस साडेचार लाखांच्या पुढे जातो. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो हे खरं, पण तोवर साडेचार लाख घालणार कोण? तुमच्या सगळ्या एफडीएवढी ती रक्कम आहे. तेच प्रत्येक पालकाने आपल्या मुलाचे दीड लाख स्वतःच्या खात्यातून पाठवले तर दहा लाखांची मर्यादा लांबच राहते आणि टीसीएसचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही पाठवलेलं खर्चाचं पत्रकही मी बारकाईने पाहिलं. त्यात तीन भोकं आहेत.

युरो तुम्ही ९८ रुपयांनी धरलाय. युरो शंभरी ओलांडून गेला आहे, आणि बँकेचा किंवा कार्डाचा अधिभार धरला तर १०८ च्या खाली हिशेब करू नये. युरोमागे १० रुपये, ३०,८०० युरोंवर : तीन लाख आठ हजार.

दुसरं, संग्रहालयांची तिकिटं. पत्रकात ‘उफिझी, विद्यार्थी २ युरो, कोलोसिअम, विद्यार्थी २ युरो’ असं लिहिलंय. उफिझी हे फ्लॉरेन्सचं कलासंग्रहालय, कोलोसिअम रोमचं प्राचीन रंगमंडल. ही सवलत १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, जगभरच्या विद्यार्थ्यांना नाही. आपल्या मुलांना पूर्ण तिकीट लागतं. उफिझीचं हंगामात २५ युरोंच्या घरात, कोलोसिअमचं १८ च्या आसपास. फरक माणशी ३९ युरो, बावीस मुलांचे मिळून जवळजवळ ९३ हजार रुपये. सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट असतात. रोम किंवा फ्लॉरेन्सचा मुक्काम त्या रविवारी येईल अशी तारीख साधली तर यातले थोडे वाचतील. रांग मात्र मोठी असते.

तिसरी गोष्ट पत्रकात मुळीच नाही : पर्यटकांवरचा मुक्काम कर. इटलीतली शहरं तो माणशी, दर रात्री घेतात आणि बऱ्याचदा तो बुकिंगच्या रकमेत नसतो, हॉस्टेलच्या काउंटरवर भरावा लागतो. सरासरी ४ युरो धरा. २४ माणसं, १४ रात्री : साधारण साडेतेराशे युरो, म्हणजे १ लाख ४५ हजार. रोमला पोचल्यावर पहिल्याच सकाळी दोन्ही शिक्षक तुम्हाला फोन करतील, कारण पैसे तुमच्याकडे आहेत.

बेरीज साडेपाच लाख. युलिपमध्ये अडकलेले ५ लाख परत आले नाहीत तर साडेदहा. तुमची एफडी आणि फंड मिळून किती होतात? साडेदहा लाख. आयुष्यभराची सगळी बचत तुम्ही नकळत एका सहलीला तारण ठेवली आहे. आणि हे अजून कोणाचाही व्हिसा नाकारला गेलेला नसताना. इटलीसाठी लागणारा शेंगेन व्हिसा प्रत्येक मुलाचा स्वतंत्रपणे तपासला जातो. ९० युरोंची फी नकार आला तरी परत मिळत नाही, आणि हॉस्टेलचं स्वस्त बुकिंग बहुधा रद्द करता येत नाही. एका मुलाला नकार आला की त्याचे वडील पहिला फोन तुम्हालाच करतील. त्यांना किती पैसे परत द्यायचे, हे आज कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून हा व्यवहार तुमच्या खात्यातून बाहेर काढा. पहिला पर्याय कॉलेज चालवणारी संस्था. मुलं कॉलेजची, शिक्षक कॉलेजचे, व्हिसासाठी पत्रही कॉलेजच्याच लेटरहेडवर जाणार, मग पैसे तेवढे पालकाने सांभाळायचे हे मला पटत नाही. प्राचार्यांना पालकांनी एकत्र जाऊन भेटा. संस्था तयार नसेल तर एजंटला पूर्ण सहलीचं पॅकेज करायला सांगा. प्रत्येक पालकाने त्याला परस्पर पैसे द्यावेत, जीएसटीचं बिल आणि रद्द करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. तो त्याचं कमिशन लावेल, पॅकेजवर टीसीएसही घेईल. पण तो ज्याच्या त्याच्या पॅनवर जाईल. इथे एक काळजी घ्या : पॅन पालकाचा द्या. मुलं सज्ञान आहेत. मुलीचा पॅन दिलात तर परतावा मिळवायला विवरणपत्रही तिलाच भरावं लागेल. तुमच्या पॅनवर असला तर ऑफिसच्या अकाउंट्सला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये तो वळता करून घेता येतो.

तोवर खात्यातल्या १७ लाखांना हात लावू नका. लिक्विड फंडात नको, एफडीत नको, कुठेच नको. खात्याचा उतारा पालकांच्या ग्रुपवर टाका आणि पाच लाख कुठे आहेत, ते परत आणण्यासाठी अर्ज कधी केला, हेही स्वतःहून लिहा. कठीण जाईल, मला कल्पना आहे. पण ही गोष्ट त्यांना तुमच्याकडून कळायला हवी.

खर्च कमी करायचा असेल तर जागा आहे. व्हेनिसमधला मुक्काम काढा. विचेंझाहून व्हेनिस रेल्वेने तासाभराच्या आत येतं. विचेंझालाच चार रात्री राहा आणि व्हेनिसला दिवसभरासाठी जा. एप्रिल ते जुलै या काळात ठरावीक दिवशी व्हेनिसला नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ५ किंवा १० युरो प्रवेश शुल्क घेतात, तेवढं आधी बघून ठेवा. आणि आर्किटेक्चरच्या मुलांना विचेंझात दिवस कमी पडतात. सोळाव्या शतकातला वास्तुरचनाकार पॅलादिओ, त्याची बॅसिलिका भर चौकात उभी आहे, त्याचं तेआत्रो ओलिम्पिको हे नाट्यगृह तिथून चालत जाण्याजोगं, ला रोतोंदा हा त्याचा बंगला गावाबाहेरच्या टेकडीवर. टेप घेऊन मोजमापं काढायची, बसून रेखाटायचं. सहा शहरं धावत बघण्यापेक्षा मुलीच्या हाती त्यातून जास्त लागेल.

हे सांगायचं कारण तुमची दुसरी अपेक्षा. माहितीपत्रकात ‘सहभाग प्रमाणपत्रामुळे इटलीतील प्रवेशास प्राधान्य’ असं छापलंय आणि तुम्ही ते अधोरेखित केलंय. सोळा दिवसांच्या सहलीच्या प्रमाणपत्राला कुठलंही विद्यापीठ प्राधान्य देत नाही. तिथे पदवी, गुण, इंग्रजीची परीक्षा आणि पोर्टफोलिओ बघतात. त्या पोर्टफोलिओत तिने जागेवर काढलेली चार चांगली रेखाटनं असली तर सहलीचा उपयोग झाला. तिला तिथे मास्टर्स करायचंच असेल तर हे लक्षात ठेवा : इटलीतल्या सरकारी विद्यापीठांची फी बऱ्याच ठिकाणी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि प्रांतांच्या शिष्यवृत्त्याही उत्पन्न बघून मिळतात. बहुतेक प्रांतांत मर्यादा वीस हजार युरोंच्या वर आहे. तुमचा हातात येणारा वर्षाचा पगार साडेनऊ हजार युरोही होत नाही. बचत आणि घर हेही त्या हिशेबात धरतात, तरी अर्ज करण्याजोगी तुमची परिस्थिती नक्की आहे. उत्पन्नाचे दाखले, त्यांचं भाषांतर, अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) याला महिने जातात. ती चौथ्या वर्षाला असतानाच सुरुवात करा.

राहिला तुमचा प्रश्न. कर्ज घेऊ नका. ३ लाख, १३ टक्के, तीन वर्षं : महिना १० हजार १०० हप्ता, व्याज ६४ हजार. गरज २ लाख २० हजारांची असताना ३ लाख घ्यायला लावताहेत, हेही बघा. फंडातून २ लाख २० हजार काढा. मुलीच्या मास्टर्सला अडीच वर्षं राहिली. इतक्या जवळ आलेल्या खर्चाचे सगळे पैसे इक्विटीत ठेवणं आता तसंही बरोबर नाही, थोडे काढायचेच होते. वर्षभराहून जुन्या युनिट्सवरचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, तेव्हा कर बहुधा लागणार नाही. एफडी तशीच राहू द्या, घरात दुसरी राखीव रक्कम नाही. आणि ज्या दहा हजारांचा हप्ता भरायची तुमची तयारी होती, ते पुढच्या महिन्यापासून रिकरिंगमध्ये टाका. अडीच वर्षांत मुद्दलच ३ लाख होईल.