जुनी बेस गिटार स्वस्तात घ्यायची तर काय बघू?

(प्रश्न: साधी गिटार थोडीफार येते, आता बेस शिकायचाय. बजेट तुटपुंजं आहे. जुना घेतला तर फसायला होईल का?)

होईल, जर तुम्ही माझ्यासारखे रंगावर भाळलात तर. माझा पहिला बेस चकचकीत लाल होता, अंगावर एक ओरखडा नाही. आठवडाभरात बोटं सोलवटून निघाली, कारण बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारा पार वर उचललेल्या. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा (दांडीचा) बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईला, पाना लावला, जरा जोर देऊन बघितला आणि नुसती मान हलवली. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता, आता तो आणखी फिरणारच नव्हता.

म्हणून सांगतो, आधी नेक बघा. बेसच्या चार तारा मिळून नेकवर साधारण ७०-८० किलोचा ताण टाकतात, तोही वर्षानुवर्षं. बॉडीकडून हेडच्या दिशेनं, बंदुकीचा नेम धरल्यासारखी नजर लावा. नेक पिळवटलेला दिसला तर गप्पा मारा, चहा प्या आणि घरी या. नुसता बाक असेल तर जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट असली की झालं. जास्त असेल तर विकणाऱ्यालाच ट्रस रॉडचा नट किंचित फिरवून दाखवायला सांगा. तो 'कशाला उगाच' म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

मग प्रत्येक तारेवर एकेक फ्रेट सावकाश वाजवा. कंटाळवाणं आहे, पण करा. सुरुवातीच्या फ्रेट्सवर सगळीकडे थोडी थरथर येत असेल तर ती बहुतेक वेळा सेटिंगनं जाते. एखाद्याच ठिकाणी सूर मरत असेल तर तिथला फ्रेट उचललाय किंवा झिजलाय. तारेखाली खोल खाचा पडल्या असतील तर नको, कारण नवे फ्रेट बसवायचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीलाच भिडतो.

बाकीच्या कुरबुरींना घाबरू नका. नॉब फिरवताना खरखर होते? धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरनं बहुतेकदा जाते. वायर खुपसायचा जॅक सैल आहे? आवळायचा, फार तर सोल्डरिंगचा डाग द्यायचा. उलट हे दोष भाव पाडायला कामाचे. एक नवी ९ व्होल्टची बॅटरी खिशात ठेवा. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या बेसची बॅटरी संपली की आवाज फाटतो किंवा बंदच होतो आणि मालकाला वाटतं वाद्य गेलं! गंजक्या, मेलेल्या तारांवरून बेसला नावं ठेवू नका, पण नव्या संचाचे पैसे किमतीतून वजा करायला लावा. बेसच्या तारा साध्या गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग पडतात.

कंपनीचं म्हणाल तर स्क्वायर, यामाहा, आयबानेझ यांचे साधे चार तारांचे बेस डोळ्यासमोर ठेवा. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, त्याच धाटणीचे असतील तर उत्तम: नेक स्क्रूनं बसवलेला, नॉब दोनच, सुटे भाग सहज मिळणारे. पाच तारांचा मोह आत्ता नको. हात लहान असतील तर ३४ इंचीऐवजी ३० इंची शॉर्ट स्केल (तारेची वाजणारी लांबी कमी असलेला बेस) वाजवून बघा.

सगळे पैसे बेसवर उडवू नका, सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची नीट जुळवून घेणं) आणि छोट्या अ‍ॅम्पसाठी थोडे राखा. घरातला गिटारचा अ‍ॅम्प हळू आवाजात चालतो, जोरात वाजवलात तर स्पीकर जायची भीती.

आणि हो, पट्टा घालून उभं राहून हात सोडून बघा. काही बेसचं हेड लगेच जमिनीकडे झुकतं. मग डाव्या हातानं वाजवायचं की नेक सावरायचा?