नाडी ५६ वर आली, गोळी सोडू का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार, वय ६१, राहणार नागपूर. दोन महिने झाले बीपीसाठी मेटोप्रोलॉल ५० ची लाँग ॲक्टिंग गोळी चालू आहे. वरचं बीपी १५८ वरून १३० वर आलं, पण नाडी आधी ८४ असायची ती आता सकाळी ५६ भरते. रोज फुटाळा तलावावर फिरतो, कितीही झपाझप चाललो तरी हातातलं घड्याळ शंभरीच्या पुढे जातच नाही. मित्र म्हणतो, हार्ट स्लो होऊन राहिलं तुझं, सोड ती गोळी. त्रास तसा काहीच नाही. सोडू का जी?

उत्तर: काका, मित्राला तर्री पोहे खाऊ घाला, पण गोळीचा सल्ला त्याचा घेऊ नका. ठोके आपणच मुद्दाम कमी केलेत. घाई झाली, राग आला, चढ लागला की शरीरात ॲड्रिनलिन सुटतं आणि हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतं, मग हृदय पळायला लागतं, ही गोळी त्या जागा आधीच अडवून ठेवते म्हणून ठोके कमी, ठोक्याचा जोरही थोडा कमी, शिवाय किडनीतून बीपी वाढवणारं रेनिन सुटतं तेही घटतं. घड्याळ अडतं ते यामुळेच. तेव्हा व्यायामात ठोके जास्तीत जास्त किती जावेत याचा २२० वजा वय हा हिशेब तुम्ही विसरा, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतका वेग पुरे.

५६ आहे आणि त्रास नाही, मला तरी काळजी वाटत नाही. चक्कर, अंधारी, धाप, किंवा नाडी सारखी पन्नाशीच्या खाली, असं झालं तर ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा, डोस कमी करता येतो. मे महिन्यात जास्त सांभाळा, आपल्या ४५ डिग्रीत पाणी कमी पडलं की उठताना बीपी गपकन उतरतं.

एकदम मात्र सोडायची नाही. गोळी चालू असते तोवर शरीर रिसेप्टर वाढवत असतं, मग अचानक बंद केली की ॲड्रिनलिनला मोकळं रान, धडधड होते, बीपी चढतं, हार्टचा आजार असेल त्याला अटॅकसुद्धा येऊ शकतो.

शुगर आहे का ते लिहिलं नाही तुम्ही. इन्शुलिन वगैरे घेत असाल तर शुगर उतरल्यावरची धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते, घाम तेवढा येतो, तीच खूण धरा. दमा असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि हो, अटेनोलॉल, म्हणजे याच गटातली दुसरी गोळी, घेणाऱ्यांनी ती संत्र्याच्या ज्यूससोबत घेऊ नये, औषध अंगी कमी लागतं. संत्र्याच्या गावात हे सांगायला जिवावर येतं बाप्पा! तुमची गोळी जेवणासोबत घ्या, चावू नका.